मोटारीची नाडी

गेल्या चैत्रांत आमच्या घरची जुनी मोटार मोडींत काढावी, असा ठराव घरांतील तरुण मंडळींनीं बहुमतानें संमत केला. विरोधी मत एकच होतें, आणि तें बोलून दाखविलें गेलें नव्हतें. तें आमच्या थोरल्या काकांचें, ज्यांना आम्ही सारे आप्पा म्हणतों. गाडी प्रीमियर पद्मिनी. आजोबांनीं ती १९८४ सालीं घेतली, आणि तींत बसून घरच्या तीन मुली सासरीं गेल्या. शेवटच्या आजारांत आजोबांना रात्रीं दोन वाजतां रुग्णालयांत पोंचविलें तेंही तिनेंच. आप्पांचें वय आतां अठ्ठ्याहत्तर. पदार्थविज्ञान शिकविण्यांत त्यांचा उभा जन्म गेला. ठरावाच्या दिवशीं ते पानावरून अर्धे जेवून उठले. यापलीकडे त्यांनीं कांहीं भाष्य केलें नाहीं.

गाडीचें दुखणें असें होतें. सकाळीं थंड असतांना ती चांगली सुरू होई व समगतीनें चाले. गुलमंडीवरून क्रांति चौकापर्यंत येईतों इंजिन तापे, आणि चौकांतील दिव्यापाशीं उभी राहतांच गाडी हिंवताप आल्यासारखी थरथरूं लागे. सायलेन्सरांतून तुटक आवाज येई. एखादे वेळीं इंजिन बंदही पडे. पुढें दौलताबादच्या रस्त्याला लागून वेग घेतला, कीं दुखणें निम्म्यानें कमी होई. मिस्त्रीलोकांच्या भाषेंत गाडी ‘मिसिंग’ करीत होती. एका गॅरेजवाल्यानें दोन मिनिटें आवाज ऐकून निदान केलें कीं इंजिन उघडावें लागेल. आणि खर्चाचा जो आंकडा सांगितला, तेवढी गाडीची किंमतही आली नसती. ठराव झाला तो या आंकड्यामुळें.

या गाडीचें कूळ आपणांस परकें नाहीं. सोलापुरास १८८२ सालीं जन्मलेले वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यांत इटलीच्या फियाट कंपनीची ११०० जातीची मोटार तयार होऊं लागली, आणि तीच पुढें पद्मिनी या नांवानें घरोघर माहीत झाली. १०८९ घनसेंटिमीटरांचें, चार सिलिंडरांचें साधें इंजिन! मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सींतून ती २०२३ च्या ऑक्टोबरांत निवृत्त झाली. आमचें औरंगाबाद, ज्याचें नांव २०२३ सालीं छत्रपति संभाजीनगर झालें, तें तर वाहनांचेंच शहर. वाळूज येथें १९८५ पासून बजाजचा कारखाना. शेंद्र्यास २००१ पासून स्कोडाचा. वाहनें घडविणारे हात येथें पुष्कळ; जुन्या इंजिनाला कान देऊन त्याचा रोग ओळखणारे मात्र थोडे राहिले आहेत.

आठ दिवसांनीं आप्पांनीं आपल्या एका जुन्या विद्यार्थ्यास बोलावून आणलें. हे गृहस्थ चाळीस वर्षें मिस्त्रीकाम करून आतां घरीं बसले आहेत. त्यांनीं हत्यारांची पेटी उघडली व विचारलें, “सर, आधीं कार्बुरेटर साफ करून पाहूं का?” आप्पा म्हणाले, “कर, पण कां करतोस तें आधीं सांग. उघडण्यापूर्वीं मोजावें.” पुढील दोन दिवसांत जें मी पाहिलें, तें वाचकांच्या उपयोगीं पडेल असें वाटल्यावरून येथें सांगतों.

इंजिन नुसतें उभ्याउभ्या चालत असतांना मिनिटास सुमारें ८०० फेरे घेतें असें धरूं. प्रत्येक सिलिंडरांत दोन फेऱ्यांस एकदां स्फोट होतो. म्हणजे एका सिलिंडरांत मिनिटास ४००, आणि चौघांत मिळून १६००, सेकंदास सुमारें सत्तावीस. हे ठोके समान अंतरानें पडतात, म्हणून आपणांस हादरा जाणवत नाहीं. एक सिलिंडर मेला, कीं दर चौथा ठोका गळतो; सेकंदास सुमारें सात वेळां इंजिन अडखळतें, आणि सारी गाडी थरथरते. वेग वाढला, कीं फिरत्या चाकाचा जोर ती उणीव झांकून टाकतो.

स्फोट होण्यास तीन गोष्टी लागतात: वेळेवर पडलेली जोरदार ठिणगी, हवा व पेट्रोल यांचें योग्य मिश्रण, आणि तें मिश्रण दाबून धरणारें बंदिस्त सिलिंडर. दुखणें केव्हां वाढतें यावरूनच अर्धें निदान होतें. ठिणगी दुबळी असेल, तर चढावर जोर देतांना गाडी अधिक तुटते. कारण दाब वाढला म्हणजे ठिणगीस फट ओलांडणें जड जातें. कार्बुरेटरच्या पुढें कोठें फट पडून फुकटची हवा आंत शिरत असेल, तर त्रास उभ्या गाडींत अधिक; कारण झडप मिटलेली असतांना आंतील ओढ सर्वांत प्रबळ असते. व्हॉल्व्ह नीट मिटत नसेल, तरीही त्रास उभ्या गाडींतच अधिक. कारण मंद गतींत दाब निसटून जाण्यास अवकाश मिळतो. आमची गाडी दौलताबादच्या चढावर तुटत नव्हती. तेव्हां ठिणगीवरील संशय तेथेंच कमी झाला.

प्रथम रोगी सिलिंडर कोणता तें ठरविलें. इंजिन तापवून चालू ठेवलें, आणि मिस्त्रींनीं मुठीस रबर असलेल्या पकडीनें प्लगाची एकेक तार क्षणभर काढून तिचें टोंक इंजिनाच्या लोखंडास टेकविलें. पहिल्या, दुसऱ्या व चौथ्या सिलिंडरांची तार काढतांच इंजिनाची गति पडे. तिसऱ्याची काढली तरी कांहींच फरक नाहीं! जो मुळीं कामच करीत नाहीं, त्याच्या रजेनें काय बिघडणार? (त्या तारेंत हजारों व्होल्टांचा दाब असतो. हृदयाला पेसमेकर बसविलेल्यांनीं तेथें उभेंही राहूं नये; आणि संगणक असलेल्या नव्या गाडींत हा प्रयोग करूं नये. तेथें स्कॅनर लावून दोष वाचावा.)

नंतर तिसऱ्याचा प्लग काढून पाहिला. प्लग म्हणजे इंजिनाची जीभ. फिकट तपकिरी असेल तर प्रकृति ठीक; कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त; तेलकट काळा असेल तर तेल वर येत आहे; पांढरा फटक असेल तर मिश्रण विरळ, म्हणजे हवा जास्त. आमचा प्लग ओला व पेट्रोलाच्या वासाचा, म्हणजे स्फोट न झालेला. तो दुसऱ्या सिलिंडरांत व दुसऱ्याचा तिसऱ्यांत घातला. दोष तिसऱ्यांतच राहिला. तारांची अदलाबदल केली, तरीही तिसराच. जो भाग हलविला असतां दोष त्याच्याबरोबर हलत नाहीं, तो भाग निर्दोष. नवे भाग विकत घेण्यापूर्वीं जुन्यांचीच जागा बदलून पाहण्याची ही युक्ति बिनखर्चाची आहे.

हवेच्या गळतीसाठीं सांध्यांवर कुंचल्यानें साबणाचें पाणी लावलें. गति बदलली नाहीं. पेट्रोलाच्या रबरी नळ्या मात्र आप्पांनीं बदलावयास लावल्या. २०२३ पासून वीस टक्के इथेनॉल मिसळलेलें पेट्रोल पंपांवर येऊं लागलें. तें जुन्या रबरास मानवत नाहीं, पाणी शोषून घेतें, आणि मिश्रणही थोडें विरळ करतें. संगणक नसलेल्या कार्बुरेटरास तें आपोआप सुधारतां येत नाहीं. पण हा दोष चारही सिलिंडरांस सारखा लागला असता. तेव्हां एकट्या तिसऱ्याचें कारण हें नव्हे.

राहिला दाब. चारही प्लग काढून, कॉइलचा प्रवाह तोडून, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरला व दाबमापकानें प्रत्येक सिलिंडर मोजला. तिघांत चौरस इंचास १३० पौंडांच्या आसपास, तिसऱ्यांत जेमतेम ७०. येथें धाकटा चुलतभाऊ म्हणाला, “झालें तर! गॅरेजवाला खरेंच सांगत होता. रिंगा गेल्या.” आप्पांनीं मान हलविली नाहीं. तिसऱ्या सिलिंडरांत चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजावयास सांगितलें. रिंगा झिजल्या असत्या, तर तेलानें फट भरून दाब वाढला असता, वाढला नाहीं. म्हणजे दाब खालून नव्हे, वरून, व्हॉल्व्हांतून, निसटत होता.

मिस्त्री म्हणाले, “सर, हेड काढायच्या आधीं टॅपेट बघूं. पण इंजिन गार पाहिजे.” म्हणून ती रात्र थांबावें लागलें. आप्पा त्या रात्रीं दोनदां उठून अंगणांत गाडीपाशीं जाऊन आले, असें मागाहून काकूंनीं सांगितलें.

सकाळीं वरचें झांकण काढलें. व्हॉल्व्हाची दांडी व तिला दाबणारा रॉकर यांमध्यें बारीकशी फट राखावी लागते. कारण तापल्यावर धातु वाढतो. ती किती, हें गाडीच्या पुस्तिकेंत दिलेलें असतें. तिसऱ्या सिलिंडराच्या धूर सोडणाऱ्या व्हॉल्व्हापाशीं फीलर गेजचें सर्वांत पातळ पातेंही कसेंबसें शिरलें. थंडपणीं ही एवढीशी फट पुरे. तापल्यावर मात्र ती नाहींशी होऊन व्हॉल्व्ह उघडाच राही. सकाळीं बरी, चौकांत आजारी, या कोड्याचा उलगडा येथें झाला. फट कमी झाली ती बैठक झिजून व्हॉल्व्ह वर सरकल्यामुळें. जुन्या काळीं पेट्रोलांतील शिसें या बैठकीचें रक्षण करी. तें विषारी असल्यामुळें २००० सालच्या फेब्रुवारीपासून भारतांत बंद झालें, आणि तें योग्यच झालें. पण जुन्या इंजिनांस त्याची किंमत मोजावी लागते.

एक स्क्रू, एक नट, आणि पंधरा मिनिटें! इंजिन पुन्हा तापवून मोजलें तेव्हां तिसऱ्यांत १२० पौंड दाब आला. क्रांति चौकांत गाडी उभी राहिली ती शांतपणें.

वाचकांनीं यावरून प्रत्येक जुनें इंजिन स्क्रू पिळल्यानें सुधारतें असें समजूं नये. तेच दुखणें आणखी वर्षभर अंगावर काढलें असतें, तर तो व्हॉल्व्ह जळाला असता, न जळालेलें पेट्रोल तेलांत उतरून रिंगाही खराब झाल्या असत्या, आणि गॅरेजवाल्याचें निदान मागाहून खरें ठरलें असतें. १२० म्हणजे १३० नव्हे. बैठक झिजतच राहणार. म्हणून आप्पांनीं वहींत आंकडे लिहून ठेवले आहेत, आणि दर हजार किलोमीटरांनीं फट मोजण्याचें काम धाकट्या चुलतभावाकडे दिलें आहे. पहिली मोजणी वेरूळला घृष्णेश्वराच्या दर्शनास जाऊन आल्यावर झाली. फट कायम होती. मोडींत काढण्याचा ठराव रद्द झालेला नाहीं; तूर्त तहकूब आहे.