दलदलीतला बर्फाचा उंचवटा

फिनलंडच्या उत्तर टोकाला, लॅपलंडमध्ये, दलदलींतून मध्येच उंचवटे वर आलेले दिसतात. काही तर सात मीटरपर्यंत उंच. अंगावर शेवाळ आणि खुरटी झुडपं, भोवती पाणी. उन्हाळा सरत आलेला असतानाही त्यांच्यात सळई खुपसा: अर्ध्या मीटरच्या आसपास ती ठक्क करून अडते. आत सगळं गोठलेलं! आणि चार पावलांवरच्या ओल्या दलदलीत बर्फाचा मागमूसही नसतो.

या उंचवट्यांना पाल्सा म्हणतात. जमीन सलग दोन वर्षं तरी शून्य अंशाच्या वर गेली नाही, की ती पर्माफ्रॉस्ट. सैबेरियाच्या उत्तरेला त्यासाठी नुसती थंडी पुरते. पण पर्माफ्रॉस्टच्या दक्षिण सीमेवर थंडी जेमतेम असते, आणि तिथे निकाल लावतात उतार, हिम आणि पीट.

पीट म्हणजे पाणथळीत अर्धवट कुजून हजारो वर्षं साचलेलं शेवाळ-गवत. ऋतू बघून जाड-पातळ होणारी गोधडीच ती. उन्हाळ्यात वरचा थर वाळतो, त्याच्या छिद्रांत हवा भरते आणि ऊन खाली पोचत नाही. पुढे तो पावसाने भिजतो, मग गोठतो. बर्फातून उष्णता पाण्याच्या जवळपास चौपट सहज वाहते. म्हणजे हिवाळ्यात जमिनीची ऊब भराभर निसटते. येणारी उष्णता अडते, जाणारी सुटते.

यात हिम मात्र आडवं येतं, कारण त्याच्या जाड थराखाली जमीन उबदार राहते. फिनलंडचे भूगोलतज्ज्ञ मात्ती सेप्पाला यांनी १९७० च्या दशकात एका दलदलीच्या तुकड्यावरचं हिम हिवाळ्यात वारंवार झाडून काढलं. एवढंच! आतला गोठलेला गाभा उन्हाळ्यातही टिकला आणि जमीन वर उचलली गेली. निसर्गात हा झाडू वाऱ्याच्या हाती असतो: उंचवटा जरा वर आला की वारा त्याच्यावरचं हिम उडवतो, त्यामुळे तो आणखी गोठतो, आणखी वाढतो.

अलास्कात फेअरबँक्सजवळ उताराची दिशाही बोलते. उत्तरेकडच्या सावलीतल्या उतारावर शेवाळ, काळे स्प्रूस आणि खाली पर्माफ्रॉस्ट. त्याच टेकडीच्या दक्षिण अंगावर बर्च, अ‍ॅस्पेन आणि बर्फाविना माती.

अशा सीमेवरचा पुष्कळसा पर्माफ्रॉस्ट जुन्या, अधिक थंड काळातला आहे. आजच्या हवेत तो नव्याने तयार झाला नसता. शेवाळ-पीटच्या आडोशाने तग धरून आहे एवढंच. म्हणून वणव्यात तो थर जळाला, की खालचा बर्फ वितळून जमीन खचते, आणि शेवाळ पुन्हा उगवलं तरी बर्फ परतेलच असं नाही.