घरात मांजरं किती? विषाणूला विचारा

फेब्रुवारी २०२० मध्ये चेन्नई बंदरात एक मांजर सापडलं. चीनहून आलेल्या, खेळण्यांनी भरलेल्या कंटेनरमध्ये ते जिवंत होतं. करोनाच्या बातम्यांनी सगळेच धास्तावलेले, त्यामुळे मांजराला आल्या वाटेने चीनला परत धाडायचं घाटू लागलं. प्राण्यांसाठी काम करणाऱ्या ‘पेटा’ने विरोध केला. ते चीनहूनच आलं कशावरून, वाटेतल्या एखाद्या बंदरात कंटेनरमध्ये शिरलं असेल, असं त्यांचं म्हणणं. एक मांजर, आणि एवढ्या मोठ्या बंदरात ते जास्त झालं!

पाच वर्षांनी, फेब्रुवारी २०२५ मध्ये, पुण्यात हडपसरच्या मार्व्हल बाउंटी सोसायटीतला एक साडेतीन बीएचके फ्लॅट देशभर गाजला. आत तीनशेहून अधिक मांजरं. शेजारी वासाने आणि ओरडण्याने हैराण झालेले. महापालिकेने ४८ तासांत मांजरं हलवायची नोटीस काढली. रहिवाशांच्या सांगण्यानुसार २०२० मध्ये तिथे पन्नासेक मांजरं होती.

घरात मांजरं किती असावीत, याचा खरा आकडा एक आणि तीनशे यांच्या मध्ये कुठेतरी असणारच. तो कायद्यात शोधायला गेलात तर हाती फारसं लागत नाही. १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा जनावराला पुरेसं अन्न, पाणी, निवारा द्या म्हणतो, पण ‘एका घरात इतकीच मांजरं’ असं म्हणत नाही. ऑस्ट्रेलियातल्या काही नगरपरिषदा दोनाच्या वर परवाना मागतात. पण दोनच का, तीन का नाहीत, याचं उत्तर नियमपुस्तकात नसतं.

उत्तर मिळतं ते भलत्याच ठिकाणी. आणि गंमत अशी, की ते एका करोनाव्हायरसकडेच आहे.

चेन्नईत ज्याची धास्ती होती तो हा नव्हे. मांजरांचा स्वतःचा एक करोनाव्हायरस फार पूर्वीपासून आहे. माणसाला तो होत नाही. मांजराच्या आतड्यात राहतो, विष्ठेतून बाहेर पडतो, आणि त्याच लिटर ट्रेमध्ये दुसरं मांजर गेलं, पंजे चाटले, की त्याच्या पोटात पोचतो. कोरड्या जागी सात आठवड्यांपर्यंत तग धरतो. बहुतेक मांजरांना काहीच होत नाही, फार तर थोडी हगवण. काही आठवडे किंवा महिने विषाणू बाहेर टाकून मांजर त्यातून मोकळं होतं. पण प्रतिकारशक्ती टिकाऊ नसते, त्यामुळे तेच मांजर पुन्हा बाधित होऊ शकतं.

आता एक घर डोळ्यांसमोर आणा. तीन मांजरं असतील तर कधीतरी असा काळ येतो, जेव्हा तिघंही मोकळी असतात. विषाणूला जायला जागाच उरत नाही, आणि तो त्या घरातून संपतो. दहाबारा असतील तर? एक बरं होईपर्यंत दुसरं आजारी, दुसरं बरं होईपर्यंत पहिलं पुन्हा बाधित. साखळी कधी तुटतच नाही. पशुवैद्यकांच्या युरोपीय मार्गदर्शिकेत हेच आकड्यांत सांगितलं आहे: पाचापेक्षा कमी मांजरांच्या घरातून हा विषाणू आपोआप नाहीसा होऊ शकतो, दहाच्या वर गेलं की तो जवळपास कायमचा मुक्काम ठोकतो.

कुणी ठरवलेला नाही, मतदानाने मंजूर केलेला नाही, असा हा आकडा आहे. तो नुसत्या गणितातून निघतो. गोवराचंही असंच असतं. ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ एम. एस. बार्टलेट यांनी १९५० च्या दशकात दाखवून दिलं, की अडीच-तीन लाखांहून लहान शहरात गोवर अधूनमधून आपोआप विझतो, त्याहून मोठ्या शहरात विझत नाही. गोवर शहरातली माणसं मोजतो, हा विषाणू घरातली मांजरं मोजतो.

मुक्काम ठोकला तर बिघडतं काय? बहुतेकदा काहीच नाही. पण विषाणू जितका काळ फिरत राहतो, तितक्या वेळा त्याच्यात बदल होण्याची संधी असते. एखाद्याच मांजराच्या अंगात, बहुधा दोन वर्षांच्या आतल्या पिल्लात, तो बदलतो, आतडं सोडून रक्तातल्या पांढऱ्या पेशींत शिरतो, आणि बऱ्याचदा पोटात पाणी साठू लागतं. हा आजार एफआयपी. अगदी अलीकडेपर्यंत एफआयपी म्हणजे मृत्यू, एवढंच समीकरण होतं. मग २०१९ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस केंद्रातल्या नील्स पेडरसन यांच्या गटाने जीएस-४४१५२४ नावाच्या औषधाचे निकाल छापले: आजारी ३१ मांजरांपैकी २५ दीर्घकाळ जगली. पुढे करोनाकाळात ज्या रेमडेसिविरसाठी आपल्याकडे रांगा लागल्या, ते शरीरात गेल्यावर याच रेणूत बदलतं.

२०२३ मध्ये तर उलटाच फेरा झाला. सायप्रस बेटावर एफआयपीची मोठी साथ आली. हा विषाणूचा नवा अवतार होता, कुत्र्यांच्या करोनाव्हायरसचा तुकडा घेतलेला. तिथल्या सरकारने माणसांसाठी आणलेल्या कोविडच्या गोळ्यांचा उरलेला साठा मांजरांसाठी मोकळा केला. आणि याच सायप्रसमध्ये, शिलुरोकांबोस इथे, साडेनऊ हजार वर्षांपूर्वीचं एक दफन सापडलं आहे: माणूस, आणि त्याच्यापासून फक्त ४० सेंटीमीटरवर एक मांजर. इतकी जुनी सोबत, आणि औषधंसुद्धा वाटून घेतलेली! मला तरी याचं नवल अजून ओसरत नाही.

मग पाचाची तीनशे होतात कशी? सहसा कुणी ठरवून करत नाही. मांजरी चार-सहा महिन्यांची झाली की माजावर येते, नऊ आठवड्यांत विते, एका वेताला साधारण चार पिल्लं. तिचं बीजांड मिलनानंतरच सुटतं, त्यामुळे नेम क्वचितच चुकतो. पिल्लं अंगावर पीत असतानाच ती पुन्हा गाभण राहू शकते.

इथे चेन्नईचा एक खास वाटा आहे. मांजरीचा माज दिवसाच्या लांबीवर चालतो. लंडनला उन्हाळ्यातला सर्वांत मोठा दिवस आणि हिवाळ्यातला सर्वांत लहान यांत जवळपास नऊ तासांचा फरक आहे, म्हणून तिथल्या मांजरी थंडीत विश्रांती घेतात. चेन्नईत हा फरक जेमतेम दीड तास. तिथे विश्रांतीचा हंगाम असा नसतोच, पिल्लं बारा महिने. मुंबई-पुण्यातही चित्र फार वेगळं नाही. हडपसरचे आकडे खरे धरले, पन्नासाचे पाच वर्षांत तीनशे, तर संख्या दर दोन वर्षांनी दुप्पट झाली. मांजराच्या वेगाने पाहिलं तर हे चक्क संथ आहे.

शेजाऱ्यांना आधी कळतं आणि मालकाला शेवटी, याचंही कारण आहे. मांजराचे पूर्वज वाळवंटातले, म्हणून पाणी वाचवायला त्यांचं मूत्र अतिशय घट्ट. त्यातल्या युरियाचा जीवाणू अमोनिया करतात. पण आपलं नाक सततच्या वासाकडे दुर्लक्ष करायला शिकतं. त्या घरातल्या माणसाला तो वास खरोखरच येत नसतो, म्हणून ‘नाटकं करता’ असं त्याला म्हणण्यात अर्थ नाही. प्राणी साठवत जाणं हे काही वेळा आजाराचं लक्षणही असतं. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या सूचीत २०१३ पासून त्याची नोंद आहे. ‘मांजरवेडी’ म्हणून हसणं सोपं, पण त्याने कुणाचंच भलं होत नाही.

माझा आकडा म्हणाल तर चार. त्याहून जास्त आधीच घरात असतील तर तीनतीनचे गट करा, गटांच्या खोल्या आणि ट्रे वेगळे ठेवा, ट्रे मांजरांपेक्षा एक जास्त असू द्या आणि रोज साफ करा. आणि जिन्याखालचं पुढचं पिल्लू उचलण्याआधी घरातल्या सगळ्यांची नसबंदी झाली आहे ना, तेवढं बघा.