दंतराग, दांतवण आणि मिशी

जुन्या बाडांतील सुट्या पानांवर औषधांच्या व इतर कृतींच्या नोंदी वारंवार आढळतात. त्यांत हिराकस, मायफळ, हिरडा, लोखंडाचा कीस अशीं नांवें एकत्र दिसलीं म्हणजे तें पान शाईच्या कृतीचें असावें असा तर्क साहजिकच होतो. परंतु हा तर्क प्रत्येक वेळीं बरोबर ठरेल असें नाहीं. कारण याच द्रव्यांनीं पूर्वीं दांतही रंगवीत असत. यास्तव दांतांच्या शोभेविषयींच्या जुन्या परंपरेचा येथें थोडक्यांत परामर्श घेत आहों.

सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानांत, २४ व्या अध्यायांत, दंतकाष्ठाचें वर्णन आहे. तें बारा अंगुळें लांब, करंगळीएवढें जाड, सरळ व गांठीविरहित असावें. कडू वृक्षांत निंब, तुरटांत खैर, गोडांत मोह व तिखटांत करंज हे श्रेष्ठ होत. बृहत्संहितेंत वराहमिहिरानें या विषयास एक स्वतंत्र अध्यायच दिला आहे. इ. स. ६७१ मध्यें चीनहून निघालेला यात्रेकरू इत्सिंग यानेंही भारतांतील भिक्षूंच्या दंतकाष्ठाचें माप आठ ते बारा अंगुळें असें नोंदविलें आहे.

हें झालें शौचासंबंधीं. पण शौच आणि शृंगार यांमधील सीमा पूर्वीं आजच्यासारखी नव्हती. गौतमधर्मसूत्रांत ब्रह्मचाऱ्यास वर्ज्य असलेल्या गोष्टींत गंध, माल्य व अंजन यांच्या जोडीस दंतधावनही गणिलें आहे; अर्थात् तेथें तें भोगाच्या सदरांत पडतें. उलट कामसूत्रांतील चौसष्ट कलांच्या यादींत ‘दशनवसनाङ्गराग’ ही एक कला आहे. वस्त्र व अंग यांच्याप्रमाणेंच दांतही रंगविण्याची वस्तु होती, हें यावरून स्पष्ट होतें. तेव्हां कवींनीं दांतांस कुंदकळ्यांची उपमा दिली एवढ्यावरून शुभ्रता हाच सौंदर्याचा एकमेव आदर्श होता असें अनुमान काढणें धाडसाचें होईल.

काळ्या रंगाची उपपत्ति सोपी आहे. हिराकस हा लोहाचा क्षार. मायफळ व हिरडा यांत तुरट द्रव्य विपुल. दोहोंचा संयोग झाला कीं निळसर काळा, सहसा न धुपणारा रंग उत्पन्न होतो. हाच रंग कागदावर शाई व दांतांवर मिशी होतो. जपानांतही आंबविलेल्या लोहद्रवांत मायफळाच्या जातीची पूड मिसळून दांत काळे करीत. तेथील सरकारनें १८७० मध्यें सरदारवर्गास या चालीची बंदी केली.

आतां शब्दांविषयीं. ‘दांतवण’ हा शब्द दांत घासण्याच्या पुडीसही लागतो व दांत काळे करण्याच्या पुडीसही. ‘मिशी’ हा शब्द ओठावरील केसांचाही वाचक असल्यामुळें मोडी यादींत वाचकास चकवितो. मागेंपुढें काजळ, कुंकू, अत्तर असे जिन्नस असतील तर दंतरंगाचाच अर्थ घ्यावा. ‘मिश्री’ म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड. तंबाखू या देशांत पोर्तुगीजांच्या आगमनानंतर आली. म्हणून या अर्थानें तो शब्द त्यापूर्वींच्या म्हणविल्या जाणाऱ्या कागदांत आल्यास त्या कागदाच्या काळाविषयींच शंका घ्यावी.

कृति शाईची कीं दांतांची, हें ठरविण्यास उपांगें पाहावीं. पाण्याचें माप, कढविणें व डिंक हीं शाईचीं लक्षणें. वस्त्रगाळ पूड, लवंग, वेलदोडे व कापूर हीं दांतांचीं. एकाच पानावर दोन्ही कृति असणेंही अशक्य नाहीं. काजळाची शाई कागदास बाधत नाहीं, लोहाची मात्र कालांतरानें त्यास खाते. म्हणून कृति ओळखण्याचा उपयोग पोथीच्या जतनासही आहे.

सूचीकारांनीं अशीं पानें ‘किरकोळ’ या सदरांत ढकलूं नयेत. राजकारणाच्या पत्रांत जी अंतःपुराची बाजू क्वचितच उमटते, तिचा लिखित पुरावा कित्येकदां अशाच एखाद्या चिटोऱ्यावर शिल्लक राहिलेला असतो.