हाकेला ओ न देणारे मूल



हमालांच्या आणि अंगणवाडी सेविकांच्या संघटनेत आयुष्य घालवलेला माणूस केनवडच्या या मांडवात लहान मुलांच्या स्वमग्नतेवर बोलणार, हे कळल्यावर दोघा-तिघांनी मला रस्त्यातच गाठून विचारले, "भाऊ, हे तर डॉक्टरांचे काम, तुम्ही त्यात कशाला?" प्रश्न रास्त आहे. माझे शाळेतले शिक्षण नववीपर्यंतचे. पुढचे जे काही आहे ते वाचनालयातून आणि संघटनेच्या कचेरीतल्या रात्रींतून मिळवलेले. डॉक्टरी मला येत नाही. परंतु या विषयात माझ्या हातून एक चूक घडली आहे, आणि ती सांगितल्याशिवाय पुढचे बोलण्याचा अधिकार मला पोहोचत नाही.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या संघटनेतला एक हमाल तावातावाने कचेरीत आला. "भाऊ, अंगणवाडीची ताई माह्या पोराले येडं म्हणते!" चौकशी केली तेव्हा कळले की तसे ती काहीच म्हणाली नव्हती. मुलगा सव्वादोन वर्षांचा. सेविकेने त्याच्या आईला एवढेच सांगितले होते की, तो नावाने हाक मारली तर वळत नाही, बोट दाखवून काही मागत नाही, तेव्हा एकदा दवाखान्यात दाखवून या. सेविकाही आमचीच सभासद. दोन सभासदांचे भांडण मिटवणे हे माझे नित्याचे काम. मी ते मिटवले. सेविकेला म्हणालो, "ताई, तुम्ही आहाराचं पाहा, लोकांच्या लेकरांले नावं ठेवू नका." हमालाला म्हणालो, "अरे, तुह्या बापानं तरी लवकर तोंड उघडलं व्हतं का? बोलन पोरगं." दोघेही समाधानाने नाही, पण गप्प होऊन गेले. त्या मुलाचे निदान झाले तेव्हा तो साडेपाच वर्षांचा होता. मधल्या तीन वर्षांचा हिशेब मी मांडतो तेव्हा तो माझ्याच नावावर निघतो.

आता हे स्वमग्नता म्हणजे काय? डॉक्टर त्याला ऑटिझम म्हणतात. हे वेड नव्हे, आणि मुकेपणाही नव्हे. मेंदूची घडणच जन्मापासून निराळी असते. तिचा परिणाम दोन ठिकाणी दिसतो. एक, दुसऱ्या माणसाशी देवाणघेवाण करण्यात: नजर, हसू, खूण, बोलणे यांत. दुसरे, वागण्याच्या ठरीवपणात: तीच हालचाल, तोच खेळ, तोच क्रम, आणि आवाज, उजेड, स्पर्श यांचा अतोनात त्रास किंवा अतोनात ओढ. काही मुलांची बुद्धी मंद असते, काहींची साधारण, काहींची तल्लख. मुलींच्या मानाने मुलग्यांत निदान अधिक होते. मुलींची लक्षणे पुष्कळदा कोणाच्या ध्यानातच येत नाहीत, कारण गप्प बसणाऱ्या मुलीला आपण शहाणी म्हणतो. जगात सुमारे शंभरात एक असे प्रमाण सांगतात. आपल्या पंचक्रोशीतली लेकरे मोजली तर कोणतेही गाव यातून सुटत नाही, हे आपल्याला ताडता येईल.

या विकाराची पहिली सविस्तर नोंद कशी झाली ते मी वाचले तेव्हा मला आमच्या सेविकेची आठवण झाली. अमेरिकेत बाल्टिमोर येथे लिओ कॅनर नावाचे बालमनोविकारतज्ज्ञ होते. १९४३ साली त्यांनी ११ मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांतला पहिला मुलगा डोनाल्ड ट्रिपलेट, मिसिसिपी राज्यातल्या फॉरेस्ट नावाच्या लहानशा गावचा. डॉक्टरांनी त्याला पाहण्यापूर्वी त्याच्या वडिलांनी ३३ पानांचे टंकलिखित पत्र पाठवले होते: मुलगा काय करतो, काय करत नाही, कशात रमतो, कशाने चिडतो. म्हणजे शास्त्राची सुरुवात झाली ती घरच्या माणसाच्या निरीक्षणातून. डॉक्टरांचे मोठेपण हे की त्यांनी ते वाचले. आमची सेविका चार वाक्ये बोलली, ती मी ऐकली नाहीत.

पुढे याच शास्त्राने मोठा अन्यायही केला. आईच्या मायेत ऊब नाही म्हणून मूल असे होते, असा सिद्धान्त निघाला आणि कित्येक वर्षे आयांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले गेले. बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञाने, जो स्वतः अशाच एका मुलाचा बाप होता, १९६४ मध्ये पुस्तक लिहून तो सिद्धान्त खोडून काढला. आज हे निर्विवाद आहे की यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो आणि आईबापांच्या वागण्याने ही अवस्था येत नाही. लसीनेही येत नाही. तसा दावा करणारा १९९८ सालचा निबंध त्या नियतकालिकाने २०१० मध्ये मागे घेतला. आपल्याकडे मात्र सासूचे बोट अजून सुनेकडेच जाते, आणि हल्ली सुनेच्या हातातल्या मोबाइलकडे. मोबाइलपुढे बसवलेल्या लेकराशी घरात बोलणे कमी होते, ते वाईटच. पण स्वमग्नतेचे मूळ तिथे नाही.

आता ओळखायचे कसे, यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण हे घरातल्या घरात करण्यासारखे आहे. सहा महिन्यांचे लेकरू आपण हसलो की हसते. नवव्या महिन्यापर्यंत ते आवाजाला आवाज देते, चेहऱ्याला चेहरा देते. वर्षाचे झाले की नावाला वळते, बा-बा, दा-दा करते, टाटा करते. सोळाव्या महिन्यापर्यंत एखाददुसरा शब्द येतो, दोन वर्षांना "आई, दूध" असे दोन शब्द जोडले जातात. यांतले काही राहिले म्हणजे स्वमग्नताच, असे नव्हे. पण दाखवायला हवे. आणि आलेले शब्द गेले, हसते-बोलते लेकरू अबोल झाले, तर कोणत्याही वयात एक दिवसही थांबू नये.

बोट दाखवण्याकडे विशेष लक्ष द्या. अंगणात बैलजोडी आली की दीड वर्षाचे पोर बोट दाखवते आणि मग वळून आपल्या तोंडाकडे बघते. त्याला बैल नको असतो. "तुम्हीही पाहा" एवढेच त्याचे म्हणणे. ही वाटून घेण्याची ओढ स्वमग्न मुलात फार क्षीण असते. त्याला बिस्किट हवे असेल तर ते आपला हात धरून डब्यापर्यंत नेते, जणू हात हे एक अवजार. गाडी चालवण्याऐवजी ते तासन्‌तास तिचे चाक फिरवीत बसते, पंख्याकडे टक लावते, चवड्यांवर चालते, हात फडफडवते, आपण विचारलेला प्रश्नच परत आपल्याला ऐकवते. कुकरच्या शिट्टीने कान झाकते, आणि मागून मारलेल्या हाकेला मात्र ढिम्म. म्हणून घरचे म्हणतात, "ऐकू तर येते, हट्टी आहे." कान तरीही आधी तपासून घ्यावेत.

दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची एवढी निकड का? त्या वयात मेंदूतल्या जोडण्या झपाट्याने होत असतात. तेव्हा केलेल्या श्रमाला जे फळ येते ते पुढे तेवढ्याच श्रमाला येत नाही. पेरणीचा वाफसा गेल्यावर बियाणे दुप्पट टाकून काय होते, हे केनवडच्या शेतकऱ्याला मी सांगायला नको. स्वमग्नता बरी करणारे औषध नाही. वाचा-उपचार, व्यवसायोपचार आणि आईबापांनी शिकून घेतलेले रोजचे खेळ, यांनी मूल मागू लागते, सांगू लागते, स्वतःचे स्वतः करू लागते. निदानाचा कागद हाती येईपर्यंत थांबण्याचेही कारण नाही. लेकराच्या पुढ्यात बसून, ते ज्यात रमले आहे त्यातच आपण शिरणे, हे आजपासून करता येते. बरे करतो म्हणणाऱ्यांपासून मात्र सावध राहा. मूळपेशींच्या सुया टोचून लाखो रुपये घेणारे आहेत. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या समितीने २०२२ मध्येच या विकारासाठी त्या उपचाराची शिफारस करता येत नाही असे म्हटले आहे.

सरकारी व्यवस्था कागदावर वाईट नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यातल्या पालघर येथून सुरू झाला. त्याच्या पथकाने प्रत्येक अंगणवाडी वर्षातून दोनदा तपासायची, आणि संशय आलेले मूल जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवायचे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत स्वमग्नता आहे, त्यामुळे प्रमाणपत्र मिळते. निरामय योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत आरोग्यविमा आहे. घरोघरी जे माता-बाल संरक्षण कार्ड लसीच्या तारखांसाठी जपून ठेवलेले असते, त्यातच मुलाच्या वाढीचे टप्पेही चित्रांसह छापलेले आहेत. ती पाने उलटणारा बाप मला क्वचितच भेटला.

अडते ते वाटेत. वाशीमला जाऊन यायचे म्हणजे हमालाची एका दिवसाची मजुरी, आणि वाचा-उपचार काही एका दिवसाचा नव्हे. दुसरी अडचण सेविकेची. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने दिव्यांग बालकांसाठी अंगणवाडीची कार्यपद्धती जाहीर केली: लवकर ओळखा, सामावून घ्या, पुढे पाठवा. पुढच्याच आठवड्यात महाराष्ट्रातल्या सेविका मानधन आणि पेन्शनसाठी संपावर होत्या! वजन, उंची, आहार, मोबाइलवरच्या नोंदी हे सारे सांभाळून तिने मुलाची नजरही टिपायची. आणि टिपली तर आम्ही तिला गप्प करायचे.

डोनाल्डचे पुढे काय झाले? तो आपल्या गावातच वाढला, तिथल्याच बँकेत त्याने नोकरी केली, गोल्फ खेळला, एकटा देशोदेशी हिंडला आणि २०२३ साली ८९ व्या वर्षी वारला. घर श्रीमंत होते, बँकही घरच्यांच्या हितसंबंधातली, हे विसरून चालणार नाही. पण गावाचाही वाटा होता. तो असा आहे हे सर्वांना ठाऊक होते, आणि त्याला त्याच्या रीतीने वागू देणे गावाच्या अंगवळणी पडले होते.

आमच्या हमालाचा मुलगा आता शाळेत जातो. वाक्ये तुटक बोलतो. गोण्यांवरचे आकडे एकदा पाहिले की त्याला पाठ होतात. गेल्या वर्षी मी त्या सेविकेकडे जाऊन माझी चूक कबूल केली. तिने चहा ठेवला, त्याविषयी एक शब्द बोलली नाही. मग वही काढली आणि म्हणाली, "भाऊ, यंदा अजून दोन लेकरं हायेत. एकाचा बाप तुमच्याच संघटनेत हाय. त्याले कधी भेटता?"