स्वातंत्र्ययुद्ध आणि क्रांती

स्वातंत्र्ययुद्ध आणि क्रांती : परकीय सत्तेचा अंमल झुगारून देण्यासाठी एखाद्या प्रदेशातील लोकांनी केलेला सशस्त्र लढा म्हणजे स्वातंत्र्ययुद्ध. राज्यसत्तेचा आधार व समाजाची घडण यांत अल्पावधीत घडून येणारा मूलगामी बदल म्हणजे क्रांती. पहिल्यात सत्ताधारी बदलतो, दुसरीत सत्तेचे स्वरूपच पालटते. या दोन्ही घटना पुष्कळदा एकाच संघर्षात गुंतलेल्या असल्यामुळे त्यांची गल्लत होते आणि विजयी झालेल्या प्रत्येक स्वातंत्र्ययुद्धास क्रांती म्हणण्याची प्रथा पडली आहे. तथापि परकीय राज्यकर्ता गेला व त्याच्या जागी त्याच अधिकारांसह एतद्देशीय वरिष्ठ वर्ग आला, एवढ्याने क्रांती होत नाही. ज्या तत्त्वाच्या आधारे परक्या धन्याचा अधिकार नाकारला जातो, तेच तत्त्व घरच्या धन्यालाही लागू केले जाते काय आणि कितपत, या कसोटीवर स्वातंत्र्ययुद्धाचे क्रांतिकारकत्व ठरवावे लागते. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून अमेरिका खंडात झालेले लढे या दृष्टीने विशेष उद्‌बोधक आहेत. या खंडातील वसाहतींत परका राजा आणि गुलामांचा घरचा मालक असे दोन्ही धनी एकाच वेळी अस्तित्वात होते.

अमेरिकेचे स्वातंत्र्ययुद्ध (१७७५–८३) : उत्तर अमेरिकेतील तेरा ब्रिटिश वसाहतींचा हा लढा प्रारंभी क्रांतिकारक नव्हता, किंबहुना तो जुने हक्क राखण्यासाठी होता. १७६५ च्या मुद्रांक अधिनियमाविरुद्ध वसाहतींनी जी तक्रार केली, तीत इंग्रज प्रजाजनांचे परंपरागत हक्क आपणासही आहेत व आपल्या प्रतिनिधींच्या संमतीशिवाय आपणावर कर बसविता येत नाही, एवढाच दावा होता. राजेशाहीला किंवा जन्मजात अधिकाराला त्यात आव्हान नव्हते. ते दिले टॉमस पेन याच्या ‘कॉमन सेन्स’ या पुस्तिकेने. जानेवारी १७७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पुस्तिकेत वंशपरंपरागत राज्याधिकाराची कल्पनाच मोडीत काढण्यात आली आणि सहा महिन्यांच्या आत ४ जुलै १७७६ रोजी वसाहतींनी स्वातंत्र्याचा जाहीरनामा मान्य केला.

दरम्यान जमिनीवरील सत्तांतर बरेच पुढे गेले होते. १७७४ च्या काँग्रेसने ब्रिटिश मालावर बहिष्कार पुकारला व त्याच्या अंमलबजावणीसाठी गावोगावी आणि परगण्यापरगण्यांत निर्वाचित समित्या नेमण्यास सांगितले. या समित्या व्यापाऱ्यांच्या वह्या तपासू लागल्या, बहिष्कार मोडणाऱ्यांची नावे जाहीर करू लागल्या. पूर्वी सार्वजनिक कारभारात ज्यांना कोणी विचारले नव्हते, असे कारागीर व लहान शेतकरी त्यांतून अधिकारावर आले. राजाचे गव्हर्नर अनेक ठिकाणी नावापुरतेच उरले. क्रांती युद्धापूर्वीच लोकांच्या मनात पूर्ण झाली होती, हे जॉन ॲडम्स याने उतारवयात मांडलेले मत या पार्श्वभूमीवर समजून घ्यावे लागते. याउलट स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणारा फिलाडेल्फियाचा वैद्य बेंजामिन रश याने १७८७ मध्ये युद्ध संपले असले, तरी क्रांती अद्याप संपलेली नाही, असे प्रतिपादन केले. एकाने क्रांती युद्धाच्या आधी ठेवली व दुसऱ्याने नंतर. ती युद्धाहून वेगळी आहे, याविषयी मात्र दोघांचे एकमत होते.

सार्वभौमत्वाच्या बाबतीत अमेरिकेत झालेला बदल निःसंशय क्रांतिकारक होता. मॅसॅचूसेट्सचे उदाहरण या संदर्भात सर्वांत महत्त्वाचे आहे. तेथील विधिमंडळाने तयार केलेली राज्यघटना १७७८ मध्ये नगरसभांनी फेटाळली. ज्या संस्थेला घटनेने बांधून घ्यावयाचे, तिनेच घटना लिहू नये, असा एक आक्षेप तीवर घेण्यात आला होता. त्यानंतर १७७९ मध्ये केवळ या कामासाठी स्वतंत्र घटना परिषद निवडण्यात आली. तिच्या निवडणुकीत मताधिकारासाठी असलेली मालमत्तेची नेहमीची अट काढून टाकण्यात आली. परिषदेचा मसुदा पुन्हा नगरसभांपुढे ठेवून १७८० मध्ये तो संमत झाला. अनेक दुरुस्त्यांसह ही घटना आजही अंमलात आहे. शासनाच्या वर घटना आणि घटनेच्या वर लोक, ही कल्पना ग्रंथांत पूर्वीपासून होती. तिला प्रत्यक्ष कार्यपद्धतीचे रूप येथे मिळाले. राजाकडून मिळालेली सनद आणि लोकांनी स्वतः केलेली घटना यांतील अंतर ध्यानात घेतले म्हणजे या घटनेचे महत्त्व कळते.

मालमत्तेच्या क्षेत्रातील बदल मात्र असा सरळ नाही. व्हर्जिनियात जमिनीचे पिढ्यान्‌पिढ्या अविभाज्य राहण्याचे बंधन १७७६ मध्ये व ज्येष्ठ पुत्राच्या वारसाहक्काचा कायदा १७८५ मध्ये रद्द झाला. धर्मस्वातंत्र्याचा कायदा त्याच राज्यात १७८६ मध्ये झाला. पेनसिल्व्हेनियाने १७७९ मध्ये पेन घराण्याचे लक्षावधी एकरांवरील स्वामित्व संपविले आणि त्याबद्दल १,३०,००० पौंडांची भरपाई दिली. ब्रिटिश राजाशी एकनिष्ठ राहिलेल्यांच्या जमिनी ठिकठिकाणी जप्त झाल्या. आर्. आर्. पामर या इतिहासकाराच्या अंदाजानुसार अमेरिकेतून दर हजारी २४ माणसे परागंदा झाली, तर फ्रेंच राज्यक्रांतीत हे प्रमाण दर हजारी केवळ ५ होते. ‘सौम्य’ समजल्या जाणाऱ्या क्रांतीसंबंधी हे आकडे विचार करावयास लावणारे आहेत. तरीही जप्तीचा निकष जमिनीचे आकारमान हा नव्हता, मालकाची राजनिष्ठा हा होता. न्यूयॉर्कमधील व्हॅन रेन्सलर व लिव्हिंग्स्टन या घराण्यांनी स्वातंत्र्याची बाजू घेतली होती. त्यांची अवाढव्य जमीनदारी जशीच्या तशी राहिली आणि व्हॅन रेन्सलरच्या कुळांना खंडाविरुद्ध झगडण्यासाठी १८३९ पर्यंत थांबावे लागले. जे. एफ्. जेम्सन याने १९२६ मध्ये या युद्धाचे सामाजिक परिणाम प्रथम एकत्रितपणे मांडले, तेव्हापासून या विषयावर वाद चालू आहे. गॉर्डन वुड याने १९९२ मध्ये भर दिला तो मालमत्तेवर नव्हे. माणसामाणसांतील आश्रयदाता व आश्रित हे नाते तुटले, यावर.

गुलामगिरीच्या प्रश्नावर या क्रांतीची मर्यादा उघड होते. सर्व माणसे समान निर्माण झाली आहेत, असे जाहीर करणाऱ्या काँग्रेसमध्ये गुलामांचे मालक बसलेले होते. जाहीरनाम्यातील तत्त्वाचा परिणाम अजिबात झाला नाही, असे नाही. पेनसिल्व्हेनियाने १७८० मध्ये क्रमाक्रमाने गुलामगिरी नष्ट करण्याचा कायदा केला. परंतु त्यान्वये कायद्यानंतर जन्मलेली मुलेच, तीही वयाच्या २८ व्या वर्षी मुक्त व्हावयाची होती. मॅसॅचूसेट्समध्ये क्वॉक वॉकर या गुलामाच्या खटल्यात १७८३ मध्ये न्यायालयाने राज्याच्या नव्या घटनेचाच आधार घेऊन गुलामगिरी अवैध ठरविली. दक्षिणेत याच्या उलट घडले. १७९० च्या पहिल्या जनगणनेत सु. ७ लाख गुलाम होते, ते १८६० मध्ये सु. ४० लाख झाले. संघराज्याच्या घटनेने गुलामांच्या संख्येचा तीन-पंचमांश भाग प्रतिनिधित्वासाठी हिशोबात धरला आणि त्यायोगे मालकांचेच राजकीय बळ वाढविले. युद्धकाळात गुलामांना मुक्तीचे आमिष दाखविले ते व्हर्जिनियाचा ब्रिटिश गव्हर्नर डनमोर याने (नोव्हेंबर १७७५). १७८३ मध्ये न्यूयॉर्क सोडताना ब्रिटिशांनी सु. ३,००० कृष्णवर्णीयांना आपल्याबरोबर नेले, तेव्हा त्यांना परत करण्याची मागणी खुद्द जॉर्ज वॉशिंग्टनने ब्रिटिश सेनापती कार्लटन याच्याकडे केली होती. ती कार्लटनने नाकारली. या तीन हजारांपुरता स्वातंत्र्याचा मार्ग राजाच्या छावणीतून गेला, ही गोष्ट स्वातंत्र्ययुद्धाच्या पारंपरिक इतिहासांत क्वचितच नमूद केलेली असते. मूळ रहिवासी जमातींची स्थिती तर सरळसरळ खालावली. १७६३ च्या राजाज्ञेने त्यांच्या प्रदेशात वसाहतवाल्यांच्या प्रसारास घातलेली मर्यादा नव्या राज्यात उरली नाही. न्यू जर्सीत १७७६ च्या घटनेतील शब्दयोजनेमुळे मालमत्ताधारक अविवाहित स्त्रिया व विधवा मतदान करू लागल्या होत्या. १८०७ मध्ये तो हक्क काढून घेण्यात आला.

अशा रीतीने जाहीरनाम्यातील तत्त्व व्यवहारात अर्ध्यावर थांबले; परंतु ते लिहिले गेले होते व कोणालाही त्याचा आधार घेता येत होता. गुलामगिरी १८६५ मध्ये यादवी युद्धानंतर घटनादुरुस्तीने नष्ट झाली आणि १८६८ च्या चौदाव्या दुरुस्तीने समान नागरिकत्व दिले. या घडामोडीचे पडसाद महाराष्ट्रातही उमटले. तरुणपणी पेनचे ‘राइट्स ऑफ मॅन’ वाचलेले जोतीराव फुले यांनी आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ (१८७३) गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केला. परकी सत्ता आणि घरची वरिष्ठशाही हे दोन वेगळे प्रश्न आहेत, हे त्यांच्या सर्व लेखनाचे सूत्र होते.

क्रांतीवाचून स्वातंत्र्य : मेक्सिकोत क्रांती आधी आली व पराभूत झाली, स्वातंत्र्य नंतर आले व ते तिच्या विरोधकांनी आणले. मीगेल इदाल्गो या धर्मोपदेशकाने सप्टेंबर १८१० मध्ये उठाव केला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ग्वादालाहारा येथून गुलामगिरी व इंडियनांवरील खंडणी रद्द केल्याचे फर्मान काढले. १८११ मध्ये त्याला व १८१५ मध्ये त्याचा अनुयायी मोरेलोस याला देहान्त शिक्षा झाली. या बंडाचा बीमोड करण्यात जमीनदार, वरिष्ठ धर्माधिकारी व वसाहतीत जन्मलेले लष्करी अधिकारी आघाडीवर होते. १८२० मध्ये स्पेनमध्ये उदारमतवादी घटना पुन्हा लागू झाली, तेव्हा याच वर्गांना आपल्या विशेषाधिकारांची धास्ती पडली. बंडवाल्यांशी वर्षानुवर्षे लढलेला सेनानी इतूर्बीदे याने १८२१ मध्ये इग्वाला येथे स्वातंत्र्याची योजना जाहीर केली. कॅथलिक धर्म, राजेशाही आणि स्पेनमध्ये जन्मलेले व वसाहतीत जन्मलेले गोरे यांचे ऐक्य, ही तिची सूत्रे होती. सर्व रहिवाशांना नागरिक मानण्याचे कलम तीत होते, हे खरे; परंतु जमीन, धर्मसंस्था व सैन्य पूर्वीच्याच हाती राहिले. पुढच्या वर्षी इतूर्बीदे स्वतःच सम्राट झाला. मेक्सिकोच्या लोकांनी ‘क्रांती’ हे नाव विशेषत्वाने राखून ठेवले ते १९१० मध्ये सुरू झालेल्या संघर्षासाठी, यात ऐतिहासिक औचित्य आहे. ब्राझीलमध्ये १८२२ साली पोर्तुगालच्या राजपुत्रानेच स्वातंत्र्य घोषित केले. तेथील गुलामगिरी १८८८ पर्यंत टिकली.

हैती (१७९१–१८०४) : कसोटीचे दुसरे टोक म्हणजे हैती. सँ-दॉमँग या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या फ्रेंच वसाहतीत १७८९ च्या सुमारास सु. ५ लाख गुलाम होते. गोरे व मुक्त मिश्रवर्णीय मिळून लाखभरही नव्हते. साखर व कॉफी यांच्या मळ्यांवर ही फ्रान्सची सर्वांत संपन्न वसाहत उभी होती. पॅरिसमधील क्रांतीच्या वार्ता येताच गोऱ्या मळेवाल्यांनी स्वायत्तता मागितली, मुक्त मिश्रवर्णीयांनी समता मागितली. गुलामांच्या मुक्तीचा विचार दोघांनीही केला नव्हता. ऑगस्ट १७९१ मध्ये उत्तरेच्या मैदानी भागातील गुलामांनी मळे पेटवून दिले. दोन वर्षांनी फ्रेंच आयुक्त साँतोनाक्स याला तेथे मुक्तीची घोषणा करावी लागली आणि ४ फेब्रुवारी १७९४ रोजी फ्रान्सच्या कन्व्हेन्शनने सर्व फ्रेंच वसाहतींत गुलामगिरी रद्द केली. अमेरिकेत स्वातंत्र्यानंतर तत्त्व खाली झिरपण्याची वाट पाहावी लागली. येथे मुक्ती आधी आली व ती टिकविण्यासाठी स्वातंत्र्य मिळवावे लागले.

तूसँ लूव्हेर्त्यूर हा पूर्वाश्रमीचा गुलाम १८०० पर्यंत वसाहतीचा प्रत्यक्ष शासक बनला. मळ्यांचे उत्पन्न बुडाले, तर सैन्य पोसता येणार नाही व सैन्य नसेल, तर गुलामगिरी परत येईल, अशी त्याची धारणा होती. म्हणून त्याने मुक्त मजुरांना मळ्यांशी बांधून ठेवणारे कडक नियम केले. मजुरांना उत्पन्नाचा हिस्सा मिळे, पण मळा सोडता येत नसे. या धोरणाविरुद्ध १८०१ मध्ये झालेल्या उठावात त्याचा पुतण्या मोईझ गुंतला होता. तूसँने त्याला गोळ्या घालविल्या. मुक्तीचा अर्थ कोणी ठरवावयाचा, हा प्रश्न क्रांतीच्या नेत्यालाही चुकला नाही. नेपोलियनने पाठविलेल्या लक्लेर्कच्या सैन्याने १८०२ मध्ये तूसँला कैद केले. तो एप्रिल १८०३ मध्ये फ्रान्समधील फोर द झू या किल्ल्यात मरण पावला. ग्वादलूप बेटावर गुलामगिरी पुन्हा लादली जात असल्याच्या बातम्यांनी लढा पेटला व नोव्हेंबर १८०३ मध्ये व्हेर्त्येर येथे फ्रेंचांचा पराभव झाला. झां-झाक देसालीन याने १ जानेवारी १८०४ रोजी स्वातंत्र्य जाहीर केले. त्यानंतरच्या काही महिन्यांत त्याच्या आज्ञेने उरलेल्या बहुतेक फ्रेंचांची कत्तल झाली. १८०५ च्या घटनेने गुलामगिरी कायमची नष्ट केली, गोऱ्यांना मालमत्ता धारण करण्यास बंदी केली आणि सर्व हैतीवासी यापुढे कृष्णवर्णीय म्हणून ओळखले जातील, असे ठरविले. हैतीत राहिलेले पोलिश व जर्मन लोक मालमत्तेच्या बंदीतून वगळले होते. वर्णाला कातडीच्या रंगाऐवजी नागरिकत्वाचा अर्थ देणारी अशी तरतूद त्या काळात दुसरीकडे आढळत नाही.

राज्यसत्तेच्या घडणीत मात्र हैती मागे पडली. देसालीनने सम्राटपद घेतले, १८०६ मध्ये त्याची हत्या झाली व देशाचे दोन तुकडे झाले. सत्ता सैन्याकडे राहिली. परंतु दक्षिणेकडील राष्ट्राध्यक्ष पेत्यों याने १८०९ पासून सैनिकांना जमिनी वाटल्या, इतरांनी पडीक मळे ताब्यात घेतले आणि कोरडवाहू अन्नपिके व कॉफी पिकविणारा स्वतंत्र शेतकरी वर्ग तयार झाला. १८२६ मध्ये ब्वाये याने ग्रामीण संहितेद्वारे त्यांना पुन्हा मळ्यांवर आणण्याचा प्रयत्न केला, तो बव्हंशी फसला. जुनी मळेशाही पुन्हा उभी राहिली नाही, हेच या क्रांतीचे सर्वांत टिकाऊ फळ होय.

अभ्यासकांनी या क्रांतीची दखल दीर्घकाळ घेतली नाही. सी. एल्. आर्. जेम्स याचा ‘द ब्लॅक जॅकोबिन्स’ हा ग्रंथ १९३८ मध्ये निघाला होता. तरी हॅना आरेंट हिच्या १९६३ मधील क्रांतीविषयक ग्रंथात हैतीला स्थान नाही. दारिद्र्याच्या प्रश्नात न अडकता राजकीय स्वातंत्र्याचा पाया घातल्यामुळे अमेरिकन क्रांती यशस्वी झाली, हा आरेंटचा सिद्धान्त. तो तर्कदृष्ट्या आकर्षक असला, तरी त्या क्रांतीला दारिद्र्याचा प्रश्न जाणवला नाही याचे एक कारण सर्वांत दरिद्री श्रमिक गुलाम म्हणून हिशोबाबाहेर होते, हे होय. आरेंटने त्याची नोंद घेतली आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष काढलेला नाही.

नव्या राज्याला मान्यता देण्याची किंमत फ्रान्सने वसूल केली. १८२५ मध्ये युद्धनौका पाठवून त्याने मळेवाल्यांच्या नुकसानीपोटी १५ कोटी फ्रँक मागितले. १८३८ मध्ये ही एकूण रक्कम ९ कोटींवर आणण्यात आली. ती फेडण्यासाठी काढलेल्या कर्जांचा बोजा विसाव्या शतकापर्यंत पुरला. स्वतः वसाहत म्हणून बंड करून स्वतंत्र झालेल्या अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांनी हैतीला मान्यता दिली, ती १८६२ मध्ये. दक्षिणेकडील गुलामधारक राज्यांचे प्रतिनिधी काँग्रेसमधून निघून गेल्यानंतर.