रेषा तीच, चाल कोणाची?

सफाळे, पालघर, बोईसर पट्ट्यातून मुंबईकडे निघालेल्या लोकलमध्ये कॉलेजची मुले मोबाइलवर जपानी अ‍ॅनिमे पाहताना हमखास दिसतात. त्यांचा एक वाद कधी संपत नाही : मूळ मंगा, म्हणजे जपानी चित्रकथा, पडद्यावर नीट उतरली की बिघडली? हा वाद पोरखेळ नव्हे. चित्र एका माध्यमातून दुसऱ्यात जाते तेव्हा त्याचा जीव कशात टिकतो, हा प्रश्न पालघरच्या या पट्ट्यापुढे अर्ध्या शतकापूर्वीच उभा राहिला होता.

या पट्ट्यातल्या वारली आदिवासींच्या लग्नात सवाशिणी गेरूने रंगवलेल्या कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. मधोमध पालघट देवी असते आणि धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाणी म्हणते. चौकाशिवाय लग्न लागत नाही. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णी यांनी ही कला बाहेरच्या जगापुढे आणली आणि भिंतीवरची रेषा कागदावर आली. गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी ती रोजची साधना केली. लग्न, गाणे, मुहूर्त हे सारे कागदावर येणे शक्यच नव्हते. पण पेरणी, मासेमारीचे जाळे, तारपा या वाद्यावरच्या नाचाचा फेर त्यांनी असा रेखला की स्थिर कागदावरही तो फिरतो आहे असे वाटते. विधी मागे राहिला, हालचाल मात्र सोबत आली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. जपानमध्ये तोकामाचीच्या मिथिला म्युझियममध्येही त्यांची चित्रे आहेत.

मंगाचे पडद्यावर येणे याच कसोटीवर पाहावे. मंगात वेळ वाचकाच्या हाती असतो. एका चौकटीवर तो मिनिटभर थांबेल, दहा चौकटी एका दमात ओलांडेल. अ‍ॅनिमेत ती सूत्रे दिग्दर्शकाकडे जातात. त्यात मंगाचे प्रकरण आणि मालिकेचा भाग दोन्ही दर आठवड्याला येत असतील तर मालिका मंगाला गाठू लागते आणि कथा ताणावी लागते. ताकेहिको इनोउए यांची बास्केटबॉलवरची ‘स्लॅम डंक’ ही मंगा १९९० ते १९९६ या काळात ३१ खंडांत आली. तिची १०१ भागांची मालिका सामने लांबवत गेली आणि शेवटच्या महत्त्वाच्या सामन्यापर्यंत पोहोचलीच नाही. २०२२ मध्ये इनोउए यांनी स्वतः चित्रपट दिग्दर्शित केला, तो त्याच सामन्यावर. नायकपदाचा भर त्यांनी रयोता मियागी या दुसऱ्या खेळाडूवर दिला, त्याचे घर आणि दुःख नव्याने घातले. तरी मंगातले अखेरचे निःशब्द क्षण चित्रपटातही निःशब्दच राहिले. कथा बदलली, पण श्वास तोच राहिला.

हिरोमु आराकावा यांच्या ‘फुलमेटल अल्केमिस्ट’ या मंगाची गोष्ट याच्या उलट बाजूने पाहता येते. २००३ ची ५१ भागांची मालिका मंगा अपुरी असतानाच निघाली, म्हणून तिने स्वतःचा वेगळा शेवट रचला. २००९ मध्ये आलेल्या ६४ भागांच्या दुसऱ्या मालिकेने २७ खंडांची मूळ वाट धरली. इमानदारीचा मान बहुधा दुसरीला मिळतो. पण कथेचे नायक असलेल्या दोन भावांचे अपराधीपण पहिली मालिका ज्या संथपणाने उलगडते, तो संथपणा मंगाच्या आत्म्याशीच नाते सांगणारा आहे. मूळ प्रसंग घटनेला घटना जोडून उतरवणे हे कारागिराचे काम. तो प्रसंग का लिहिला गेला हे ओळखून त्याला तेवढाच वेळ देणे, हे कलावंताचे.

म्हणून माझा निवाडा असा : रूपांतराने मूळ कलाकृतीची चाल जपली की कथेतले फेरफार माफ करावेत, चाल मोडली तर हुबेहूब रेषाही व्यर्थ. हा निवाडा वारली चित्रालाही लागू आहे. पांढऱ्या त्रिकोणी माणसांना पडद्यावर नाचवले म्हणजे वारली कला जिवंत झाली असे होत नाही. ज्यांना वारली ॲनिमेशन करायचे आहे त्यांनी आधी चौक लिहिणाऱ्या बायांपाशी आणि धवलेरीपाशी बसावे, गाण्याचा ठेका समजून घ्यावा, श्रेयनामावलीत त्यांची नावे घालावीत आणि मोबदलाही द्यावा. आणि लोकलमधल्या दोस्तांनो, अ‍ॅनिमे जरूर पाहा, पण त्याची मंगाही एकदा हाती घ्या. मग जो निकाल द्याल तो तुमचा स्वतःचा असेल.