आवाज येतो, शब्द येत नाहीत: खोलीतला घुमारा कमी करणारे घरगुती पॅनेल

आमच्या अब्बांच्या कानाला गेल्या वर्षी मशीन लावलं. घरात सगळ्यांना वाटलं, चला, आता प्रश्न मिटला. पण आठच दिवसांत त्यांनी मशीन काढून डबीत ठेवलं. विचारलं तर म्हणाले, "आवाज तो आती बेटा, लफ्ज नहीं आते." गंमत म्हणजे अंगणात लिंबाखाली बसले की त्याच मशीनने त्यांना नीट ऐकू यायचं. बैठकीच्या खोलीत रेडिओ लावला, की नाही.

म्हणजे दोष फक्त कानाचा नव्हता, खोलीचाही होता. जुनं कवेलूचं घर पाडून आम्ही स्लॅबचं बांधलं. खाली टाइल्स, भिंतींना पुट्टी, वर सिमेंटचा स्लॅब. दिसायला छान, पुसायला सोपं. पण अशा खोलीत एकदा टाळी वाजवून पाहा. टाळीनंतर "चिर्र" असा बारीक शेपूट असलेला आवाज येतो. दोन समोरासमोरच्या उघड्या भिंती आवाजाला चेंडूसारखं एकमेकींकडे टोलवत राहतात, त्याचा तो आवाज.

आता यात शब्द कसे हरवतात ते बघा. वर्गात मी मुलांना पान, कान, दान, मान, रान असे शब्द लिहून देतो. फरक फक्त पहिल्या अक्षराचा. बोलताना "आ" हा स्वर जोरदार आणि लांब असतो. प, क, द ही व्यंजनं बारीक आणि क्षणभराची. खोली घुमत असली की मागच्या शब्दाचा स्वर हवेत रेंगाळतो आणि पुढच्या शब्दाचं व्यंजन त्याखाली दबतं. तरुण कान अंदाजाने भरून काढतो. म्हाताऱ्या कानाला ते जमत नाही. आणि मशीन बिचारं शब्दाबरोबर घुमाराही मोठा करून देतं. आवाज वाढवला तर घुमाराही तेवढाच वाढतो. आपल्या कित्येक नव्या मस्जिदींत संगमरवर आणि टाइल्स लागल्यापासून जुम्म्याचं बयान मागच्या सफांना कळत नाही आणि मग आणखी दोन भोंगे लावले जातात, तिथंही हाच मामला आहे.

घुमारा ही काही नेहमी वाईट गोष्ट नव्हे. विजापूरचा गोल घुमट, मुहम्मद आदिलशाहाचा मकबरा, त्यासाठीच पाहायला लोक जातात. घुमटाच्या सज्जात भिंतीशी केलेली कुजबूज पार पलीकडच्या बाजूला ऐकू येते. पण तिथं कोणी बातम्या ऐकायला बसत नाही.

हा विषय हिशेबात बसवणारा माणूस अमेरिकेतला, वॉलेस सेबाइन. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठातल्या फॉग म्युझियमच्या नव्या व्याख्यानगृहात प्राध्यापकांचं बोलणं कोणालाच कळेना, म्हणून या तरुण शिक्षकावर काम सोपवलं. त्या खोलीत आवाज पाच सेकंदांहून जास्त रेंगाळत होता. म्हणजे पहिला शब्द विरायच्या आत पुढचे दहा-बारा शब्द त्यावर येऊन पडायचे. सेबाइन रात्री, रहदारी थांबल्यावर, जवळच्या सँडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या उचलून आणायचे, खोलीत मांडायचे, ऑर्गनची नळी वाजवून आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजायचे आणि सकाळच्या आत गाद्या परत. पुढं त्यांच्या लक्षात आलं की अंगावरच्या कपड्यांनीही मोजमापात फरक पडतो, म्हणून मग दरवेळी तेच कपडे. एका शिक्षकाने रात्री गाद्या वाहिल्या आणि त्यातून एक शास्त्र उभं राहिलं. मला तर हा किस्सा फार आवडतो.

त्यांचं सूत्र आठवीच्या मुलालाही येईल. खोलीचं आकारमान घनमीटरमध्ये घ्या, ०.१६ ने गुणा आणि खोलीतल्या एकूण शोषणाने भागा. आवाज विरायला लागणारे सेकंद मिळतात. शोषण म्हणजे आवाज पिऊन टाकणारं क्षेत्रफळ, चौरस मीटरमध्ये. उघडी खिडकी आवाज परत पाठवतच नाही, म्हणून तिचा एक चौरस मीटर म्हणजे पूर्ण एक. पुट्टीची भिंत शंभरातले दोन-तीन भागच पिते.

आमची खोली १२ बाय १५ फूट, उंची १० फूट, म्हणजे साधारण ५१ घनमीटर. दिवाण, पडदे, माणसं धरून शोषण जेमतेम ५. हिशेब केला तर दीड सेकंदाच्या वर जातो. बोलणं स्वच्छ कळायला अशा खोलीत अर्धा ते पाऊण सेकंद पुरे. म्हणजे आणखी सहा चौरस मीटर पिणारा माल भिंतीवर हवा. चार बाय दोन फुटांची आठ पॅनेल. झालं.

माल कोणता, यावर घरात बरीच चर्चा झाली. धाकट्याने मोबाइलवर पाहून अंड्यांचे ट्रे आणले. ते कागदी असतात, पातळ असतात, फक्त अगदी बारीक आवाज थोडा पितात आणि आग लवकर धरतात. थर्मोकोल तर कामाचंच नाही. त्यातून हवा आरपार जात नाही. एका विद्यार्थ्याने तणस सुचवलं, धानाचा जिल्हा आपला! तणस आवाज पितं हे खरं, पण घरात तणसाची भिंत म्हणजे उंदरांना दावत आणि ठिणगीला आमंत्रण. जुन्या गादीचा पिंजलेला कापूस चांगला चालतो. आपल्या मन्सुरी बिरादरीच्या पिंजाऱ्याकडून सारखा पिंजून घेतला तर उत्तमच. पण आपल्याकडचा पावसाळा बघता तो दमट होतो, बसतो आणि जळतोही. शेवटी रॉकवूल घेतलं. दगड वितळवून केलेली लोकर. जळत नाही, कुजत नाही. आपल्या उसना तांदळाच्या मिलमध्ये बॉयलर आणि वाफेच्या नळ्यांवर असलाच माल गुंडाळतात, त्यामुळे ते काम करणाऱ्या मिस्त्रीला विचारलं की कुठं मिळेल ते कळतं. दोन इंच जाडीची, ४८ किलो घनतेची पाटी मागा. हाताळताना हातमोजे, मास्क, पूर्ण बाह्यांचा शर्ट. मी पहिल्या दिवशी हातमोजे घातले नाहीत आणि रात्रभर खाजवत बसलो.

चौकट सोपी आहे. दोन इंच रुंद लाकडी पट्ट्या आडव्या न ठेवता उभ्या धरून चार बाय दोनचा चौकोन, कोपऱ्यात स्क्रू. मागून सुतळीची फुली बांधा, म्हणजे लोकर मागे फुगत नाही. लोकरीची पाटी आत बसवा आणि तिच्याभोवती पातळ नॉन-वोव्हन कापड, लग्नात वाटतात त्या पिशव्यांचं असतं तसं, गुंडाळून घ्या. बारीक धागे बाहेर येत नाहीत. वरून कापड ताणून मागे स्टेपल करा. कापडाची परीक्षा एकच: तोंडाला लावून फुंका. हवा पलीकडे गेली तर आवाजही जाईल. रेक्झिन, प्लॅस्टिक, ऑइलपेंट मारलेलं कापड लावलं की सगळी मेहनत वाया. आम्ही सहा पॅनेलना सुती चादरी वापरल्या आणि दोनांना धुतलेला बारदाना. बारदाना अम्मींना अजून पसंत नाही.

टांगताना एक गोष्ट चुकवू नका: पॅनेल भिंतीला चिकटवायचं नाही. मागे दोन इंच मोकळी हवा ठेवा. हवेची हालचाल भिंतीला अगदी टेकून जवळजवळ थांबलेली असते आणि भिंतीपासून दूर जास्त असते. लोकर तिथंच काम करते. त्याच मालात जाडा आवाजही जास्त पिला जातो. मोकळी हवा फुकट आहे, मग का सोडायची? एक पॅनेल पाच-सहा किलो भरतं. भिंतीत ड्रिलने भोक, प्लॅस्टिकची गिट्टी, लांब स्क्रू आणि प्रत्येक पॅनेलला दोन आधार. नुसत्या खिळ्यावर भरवसा नको, विशेषतः दिवाणाच्या वर. स्विचबोर्ड आणि इन्व्हर्टरपासून लांब ठेवा, कारण लोकर जळत नसली तरी कापड जळतं.

जागा शोधायला आरसा घ्या. ऐकणारा आपल्या जागी बसेल, दुसऱ्याने आरसा भिंतीवरून सरकवत न्यायचा. ऐकणाऱ्याला आरशात जिथं रेडिओ किंवा बोलणारा दिसेल, आवाज तिथूनच उसळून त्याच्याकडे येतो. पहिलं पॅनेल तिथं. बाकीची अशी लावा की समोरासमोरच्या दोन्ही भिंती एकाच जागी उघड्या राहणार नाहीत. आम्ही समोरासमोर जोड्या न करता आडवी-तिडवी लावली आणि तेवढ्यात पुरलं.

एक गैरसमज मात्र आधीच काढून टाका. ही पॅनेल बाहेरचा आवाज अडवत नाहीत. आमचं घर रेल्वे लाइनपासून दूर नाही. मालगाडी गेली की खिडक्या आजही वाजतात. तो आवाज थांबवायला जाड भिंत आणि फटी नसलेली दारं-खिडक्या लागतात. शेजाऱ्याच्या डीजेवर रॉकवूल हा इलाज नाही.

परीक्षा घेतल्याशिवाय मास्तरला चैन पडत नाही. पॅनेल लावण्याआधी मुलीने वर्तमानपत्राआड तोंड लपवून अब्बांना वीस शब्द वाचून दाखवले होते. त्यांनी अकरा बरोबर सांगितले. पॅनेल लागल्यावर दुसरे वीस, तितकेच कठीण; सतरा बरोबर. राहिलेल्या तिनांत "पान"ला "कान" म्हणाले आणि वर मुलीलाच म्हणाले की तुझं तोंड भरलेलं आहे, नीट बोल.

मशीन आता डबीत नसतं. रात्री उर्दू सर्व्हिस लागते, पूर्वीपेक्षा आवाज बराच कमी ठेवून. मालगाडी आली की अब्बा हात वर करून सगळ्यांना थांबवतात, गाडी जाऊ देतात आणि मग विचारतात, "हां, क्या बोला उसने?"